पूर्वरंगातलं रडू

चैत्रातल्या नवरात्राच्या कीर्तनात मोरूशेठ रडला आणि अनसूयाबाईंना शंका आली.

कीर्तनात रडावं, त्यात वावगं काही नाही. बुवांचा गळा असा, की रामाने वल्कलं नेसली की सगळा मांडव पाझरायचा. पण ते उत्तररंगात, कथा उभी राहिल्यावर. मोरूशेठने उपरणं डोळ्यांना लावलं ते पूर्वरंगात, बुवा नुसता अभंगाचा अर्थ सोडवत होते तेव्हा. आणि लावताना त्याचा एक डोळा शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्यावर, हरिभाऊंवर होता.

"अहो, कथा सुरू व्हायच्या आधीच कोण रडतं?" घरी येताना अनसूयाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"भाविक माणूस आहे तो. तुला सगळ्यांत खोट दिसते."

"खोट नाही, मला घाई दिसते."

घाई होतीच. मोरूशेठला चिंचोटीकडची भातजमीन विकायची होती, आणि तीही रामनवमीच्या आत. भाव इतका उतरवलेला, की हरिभाऊंचं जेवणात लक्ष लागेना. जमीन मोकळी आहे, कुणाची वहिवाट नाही, असं शेठ रामाची शपथ घेऊन सांगे. फक्त तेवढी रक्कम उभी करायला नंदाखाल गावातली त्यांची वाडी गहाण टाकावी लागणार होती.

ती वाडी दोघांनी एकदम घेतलेली नव्हती. आधी घरामागची चिंचोळी पट्टी. तिच्यात केळी लावल्या, केळींच्या उत्पन्नातून रहाट बसवला, रहाटाच्या पाण्यावर पानवेल चढवली, आणि पानं विकून शेजारचा तुकडा घेतला. पहिल्या तुकड्याने स्वतःचं भागवून वर काही उरवलं, तरच दुसरा घ्यायचा, हा अनसूयाबाईंचा नेम. आणि घेण्याआधी तिथल्या विहिरीचं पाणी वैशाखात चाखायचं. पावसाळ्यात काय, सगळ्याच विहिरी गोड.

"जमीन पाहिलीत ना पण तुम्ही?"

"पाहिली की. रस्त्यावरून. ऊन फार होतं, शेठ म्हणाले इथूनच बघा."

"शेतात उतरू दिलं नाही?"

"उतरू दिलं नाही कसं? मीच उतरलो नाही."

"कलिंगड घेताना चार ठिकाणी वाजवता, आणि जमीन रस्त्यावरून?"

हरिभाऊ चिडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या मागून निघाले, मोटारीने आणि मग पायी.

शेत कोरडं पडलं होतं. कोपऱ्यात मात्र एक काळाकुट्ट चौकोन दिसला. शेण आणि पालापाचोळा पसरून भाजलेला राब. पाऊस आला की भाताचं रोप टाकतात ती जागा.

"मोकळी जमीन ना?" अनसूयाबाई म्हणाल्या. "मग राब कुणी भाजला? शेठनी? उपरणं सावरून?"

तेवढ्यात बांधावरून कोयता घेतलेली एक बाई आली आणि वाट अडवून उभी राहिली.

"कोन तुमी? शेठची मानसं?"

"नाही गं. आम्ही नंदाखालचे. जमीन बघायला आलो."

"म्हंजे घ्यायला." बाईने कोयता खाली ठेवला नाही. "मी मालू. सासरा कसायचा, आता आमी कसतो. शेठ बोलला, आंगठा दे, नवीन कायद्यात तुजं नाव लागंल. तो आंगठा तुमच्यासाठी का?"

हरिभाऊंचा चेहरा उतरला. कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमीन मिळणार, ही बोलवा त्यांनीही ऐकली होती. म्हणून घाई, म्हणून तो भाव. वाडी सावकाराकडे गेली असती आणि ही जमीन मालूकडे. आणि मालूने अंगठा दिला असता, तर ती उघड्यावर.

"दिलास अंगठा?" त्यांनी विचारलं.

"नाय दिला. बोलताना रडला तो. राबते मी, आन् रडतो तो? म्हनून नाय दिला."

अनसूयाबाई बांधावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "देऊ नकोस हो बाई, कशावरच देऊ नकोस. तो म्हणतो तसा नाव लावण्याचा नव्हे, जमीन सोडल्याचा कागद असणार तो."

मालू वाटेतून बाजूला झाली. मग कोयता टेकवला. "पानी घ्या."

परतताना वसईला हरिभाऊ मोटारीतून उतरले. मग म्हणाले, "आपल्या कुंपणापलीकडची युजीनची पट्टी... तो विकणार म्हणत होता. लहान आहे."

"लहानच बरी. तिच्या विहिरीचं पाणी दर वैशाखात पितो आपण. केळीचे घड उतरले की विचारू. आणि एकट्या युजीनला नको, त्याच्या भावांनाही विचारायचं."

अष्टमीच्या कीर्तनाला मांडव भरला होता. मोरूशेठ आज विरारच्या एका नव्या गृहस्थाला खेटून बसला होता. बुवांनी पूर्वरंगाचा अभंग घेतला, टाळ लागले, आणि शेठचं उपरणं हळूहळू वर जाऊ लागलं.

हरिभाऊ उठले. बुवांना हात जोडून, माणसांतून वाट काढत गेले आणि त्या दोघांच्या मध्ये बसले.

"जरा सरका, शेठ," ते मोठ्याने म्हणाले. "कथा अजून लांब आहे. आणि ह्या पाहुण्यांना मला चिंचोटीच्या मालूबाईंची सांगायची आहे."