झटक्यानं न शिकणारी चिलटं

बारामतीच्या कॉलेजात मेहरीन फळांवरच्या चिलटांवर पीएच.डी. करत होती. नळीत वास सोडायचा आणि लगेच विजेचा झटका द्यायचा. पुढच्या खेपेला चिलटं त्या वासापासून लांब पळतात. पण तिच्याकडच्या एका वाणात एकच जनुक बिघडलेलं होतं. ती चिलटं कितीही झटके खाऊनही पुन्हा त्याच वासाकडं जात. गंमत म्हणजे, अर्धाच भाग तापवलेल्या डब्यात सोडली की तीच चिलटं आपली आपण हिंडून गार बाजू हुडकत आणि तिथंच राहत. तिसऱ्यांदा हाच निकाल आला, तशी ती हरखून इंदापूरला घरी आली.

फळांच्या दुकानामागून धप्प धप्प आवाज येत होता. अब्बा, म्हणजे युनूसभाई, डाळिंबाच्या खोक्याची फळी घेऊन तिच्या भावाला बडवत होते. तेवीस वर्षांच्या शहबाजला मालाची चिठ्ठी वाचता आली नव्हती. माल भलत्याच टेम्पोत गेला होता. त्याचा शर्ट रक्तानं पाठीला चिकटला होता.

"मार खाल्ल्याबगर शिकायचा न्हाय ह्यो!"

"पंधरा वर्सं मारताय, अब्बा. शिकला का?"

"बाजूला हो!"

फळी खाली येताना मेहरीननं हात मधे घातला. फळीतला खिळा तळव्यातून आरपार गेला. तिची किंकाळी ऐकली आणि शहबाज उठला. आजवर त्यानं हात उगारला नव्हता. पहिल्याच ठोशाला अब्बांचा जबडा मोडला. ते खोक्यांवर कोसळले, तरी तो छातीवर बसून मारतच राहिला.

"बास, शहबाज! मरतील ते!" रक्ताळल्या हातानं तिनं त्याला कॉलर धरून ओढलं.

त्याच संध्याकाळी तो घर सोडून पिंपळीच्या ट्रॅक्टर गॅरेजात गेला. तिथल्या मिस्त्रीनं कागद दाखवला नाही, गिअरबॉक्स पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "खोल. चुकलं तर परत खोल." महिन्याभरात शहबाज एकटाच क्लच बसवू लागला.

अब्बांचा जबडा तारेनं बांधला होता. मेहरीन डाव्या हातानं त्यांना पेज पाजायची. एका दुपारी ते दातांच्या फटीतून बोलले, "कुठं हाय त्यो?"

"पिंपळीत. ट्रॅक्टर जोडायला शिकला."

"तितं मारत्यात त्याला?"

"न्हाय."

अब्बांनी चमचा हातानं बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.