न झालेलं काम

"मॅडम, हसा की जरा! रस्ता तुमचाच आहे ना?" एरवी लग्नांचं शूटिंग करणारा फोटोवाला कॅमेऱ्यामागून ओरडला.

रस्ता ताईंचाच होता, पण हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. निधी परत जाऊ नये म्हणून बांधकाम खात्याने घाईघाईने काँक्रीट ओतलं, आणि ते धड वाळतंय तोवर पाणीपुरवठा खात्याने मधोमध चर खणला. तिथून पाइप जाणार हे दोन्ही खात्यांना ठाऊक होतं. ताईंनाही ठाऊक होतं. पण पैसा एकदा परत गेला की पुन्हा मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी एकमताने आधी रस्ता केला. चार शहाणी माणसं एकत्र बसून इतका मोठा मूर्खपणा फक्त महापालिकेतच करू शकतात.

"तो चर दिसू देऊ नकोस," ताईंचे यजमान म्हणाले.

"साहेब, चर वगळला तर रस्ता कुठून दाखवू?"

ताई दोन वेळा नगरसेविका म्हणून निवडून आल्या होत्या. तिसऱ्यांदा तिकीट हवं असेल तर केलेल्या कामांची छोटी फिल्म आज संध्याकाळपर्यंत पक्षाच्या कचेरीत पोचवा, असा शहराध्यक्षांचा निरोप होता. आयुष्याची दहा वर्षं तीन मिनिटांत बसवायची, आणि वर हसायचंही.

पुढचं ठिकाण म्हणजे चौकातली खुली व्यायामशाळा. यंत्रांवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. ताई त्या बाजूला सारू लागल्या, तोच समोरच्या खिडकीतून एक आजोबा कडाडले, "ताई, त्या यंत्राला तेल घाला आधी! पहाटेपासून कुरकुरतं. डोळ्याला डोळा लागत नाही."

"आजोबा, म्हणजे कुणीतरी व्यायाम करतंय ना?"

"करतंय तेच तर दुखणं आहे!"

फोटोवाला फिस्सकन हसला. ताईंना मात्र रडावं की हसावं कळेना. यंत्रं बसवली नव्हती तेव्हा याच आजोबांनी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं होतं. लोकांसाठी मरमर मरावं, तर लोक म्हणतात, मरताना आवाज केलात.

शेवटी त्या म्हणाल्या, "शाळेमागच्या मैदानावर चल."

"तिथं काय आहे, मॅडम?"

"काही नाही."

खरंच काही नव्हतं. सपाट माती, कडेला खुरटं गवत, आणि मधोमध एक पन्नाशीच्या बाई नव्या स्कूटरवर डुगडुगत शिकत होत्या. त्यांची लेक मागून धावत ओरडत होती, "आई, समोर बघ, चाकाकडे नको!"

पाच वर्षांपूर्वी इथे कचऱ्याचा डेपो येणार होता. सगळ्या शहराचा कचरा इथे उतरवायचा, निवडायचा आणि पुढे पाठवायचा. ठेका शहराध्यक्षांच्या मेहुण्याला मिळणार होता. शाळेचे वर्ग भिंतीपलीकडे होते, पण सभागृहात बाकीचे सगळे मूग गिळून बसले. ताई मात्र महापौरांच्या खुर्चीसमोर फरशीवर बसल्या आणि ठराव मागे घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. डेपो टळला. त्यानंतर दोन वर्षं ताईंच्या प्रभागाला दमडी मिळाली नाही. दिवे बंद पडले, गटारं तुंबली, आणि लोक दारात येऊन विचारू लागले की ताई, तुम्ही करता तरी काय? जे आलंच नाही, त्याची दुर्गंधी कुणाला आठवणार?

"अहो नगरसेविकाबाई!" स्कूटरवाल्या बाईंनी पाय घासत गाडी कशीबशी थांबवली. "एवढी जागा नुसती पडून आहे. दहा वर्षांत चार बाकडी तरी टाकायची. काहीच केलं नाही तुम्ही इथं!"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. शहराध्यक्षच होते.

"ताई, फिल्म कुठवर आली? मैदानावर आहात म्हणे. छान! तिथं उभ्या राहून एकच वाक्य बोला. 'इथे लवकरच आधुनिक स्वच्छता केंद्र उभं राहील.' बस्स. तिकीट तुमचंच."

"म्हणजे डेपोच ना?"

"नाव बदललंय, ताई. तुम्ही तरी किती ताणणार?"

फोन ठेवून ताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "अगं, तू नसलीस तरी ते डेपो आणतीलच. निदान आत राहून काही करता येईल."

"ठाऊक आहे मला!" ताई केवढ्याने तरी ओरडल्या. "सगळं ठाऊक आहे! येईल तर येऊ दे. पण माझ्या तोंडून नाही यायचा."

त्यांनी पदर सारखा केला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दिवसभरात पहिल्यांदाच फोटोवाल्याने हसायला सांगितलं नाही.

"मागं काय घेऊ, मॅडम?"

"जे आहे ते घे." मग त्या कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या. "इथे कचऱ्याचा डेपो होणार होता. मी होऊ दिला नाही. म्हणून इथे काही नाही. माझं सगळ्यात मोठं काम हेच."

फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढली. "आणखी काही?"

"नाही. एवढंच पाठव त्यांना. रस्ता नको, व्यायामशाळा नको."

"तिकीट गेलं," यजमान म्हणाले.

"गेलं," ताई म्हणाल्या. तिथेच त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो बाई, सरका ना बाजूला!" मागून स्कूटरचा हॉर्न वाजला. "मला अजून ब्रेक नीट जमत नाहीत!"

ताई लगबगीने बाजूला झाल्या. बाई डुगडुगत त्यांच्या समोरून गेल्या, पुढे गाडी सावरली, आणि साऱ्या मैदानभर वळसा घालून आल्या.