जावयाचा बोगदा

बोगद्यातली कडेची पट्टी मुळात बंद पडलेल्या गाड्यांसाठी होती. पुढे चालू गाड्याच बंद पडल्यासारख्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा वरच्यांनी ठरवलं की गर्दीच्या वेळी तिचीही लेन करायची. उघडायचं काम नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरचं. सगळे कॅमेरे बघायचे आणि पट्टी रिकामी असली तरच तिच्यावरच्या दिव्यातली लाल फुली घालवून हिरवा बाण लावायचा. तेव्हापासून त्याच्या सासरची मंडळी बोगदा घरचाच समजत होती.

त्या सकाळी मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, बोगद्यात अडकलोय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आज. उशीर झाला तर डॉक्टर थेट दोन महिन्यांनी बोलावणार. तेवढी पट्टी उघडा."

"वळणावरचा कॅमेरा काजळलाय. गस्तीची गाडी बघून येऊ दे, मग उघडतो."

"अहो, मोकळी आहे! समोर दिसतेय मला."

"तुझ्या डोळ्यांवर बोगदा चालत नाही."

मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे. त्यांना नियम मोठे. मला काय, अर्धंमुर्धं दिसतंय."

सासूबाई गेल्याच आठवड्यात न दिसलेल्या पायरीवरून पडल्या होत्या. ऑपरेटरचं बोट हिरव्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. त्याने वायरलेसवर गस्तीवाल्याला हाक मारली.

"पोचलो साहेब. वळणापलीकडे पट्टीवर एक गाडी उभी आहे. लाल फुलीखालून घुसली आणि पुढे घाबरली. आता तिला कोणी परत लेनमध्ये घेईना."

"ड्रायव्हर काय करतोय?"

"फोनवर आहे. पट्टी उघडा म्हणून कुणाचं तरी डोकं खातोय."

ऑपरेटरने डोळे मिटले. बाण लागला असता, तर वळणावरून सुसाट येणारी पहिली गाडी थेट सासूबाईंवर आली असती.

त्याने फोन कानाला लावला. "नक्की कुठे उभा आहेस रे?"

"इथेच की. जरा कडेला."

ती गाडी निघाल्याशिवाय पट्टी उघडता येत नव्हती आणि मागे काढायला वाव नव्हता. शेवटी गस्तीची गाडी निळे दिवे लावून पुढे, मेहुणा मागे, अशी वरात रिकाम्या पट्टीवरून निघाली. नियमाने थांबलेल्या लोकांनी काचा खाली करून ती पाहिली. दंडाची नोंद जावयानेच केली.

ऑपरेशन वेळेवर झालं. संध्याकाळी ऑपरेटर दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हा सासूबाई नर्सला सांगत होत्या, "मुलाने आणलं हो वेळेत. जावयाच्या भरवशावर राहिले असते, तर अजून बोगद्यातच असते."

खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर तो बसला. आधीच आलेले साडू शेजारी सरकले आणि हळूच म्हणाले, "गुरुवारी आमचं विमान आहे. नेमकं कुठून घुसायचं, तेवढं सांगून ठेवा."