पोरीसाठी रंगवलेलं घर

"लाज नाही वाटली तुम्हाला, भावोजी?" मी भर गल्लीत विचारलं आणि हातातली बादली तिथंच आपटली. शेजारच्या बायका दारात आल्या. येऊ देत म्हटलं, ऐकू देत सगळ्यांना.

दीर मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "वहिनी, आत चला बघू. माणसं यायचीत घर बघायला."

ही माणसं शहरातली. वर्षातून चार दिवस समुद्राचा वारा खायला त्यांना आमच्या खाणकामगारांच्या गल्लीत घर हवं असतं. कोळशाची खाण चालू होती तेव्हा इकडं कुत्रं फिरकत नव्हतं. वाळत घातलेले कपडे काळे, किनाऱ्याची वाळू काळी, पोरांची नाकं काळी. खाण बंद पडली, पाणी निवळलं आणि आमच्या खुराड्यांना सोन्याचा भाव आला. आता अर्ध्या गल्लीला कुलपं आहेत. दिवेलागणीला बाहेर बघावं तर शिसारी येते, नुसती रंगवलेली थडगी.

माझी लेक आणि जावई आमच्याच खोलीत पडदा लावून राहतात. लेक पोटुशी आहे. शेजारचं घर दिराचं, तो शहरात गेल्यापासून रिकामं. "घर पोरीलाच देणार, परवडेल तसे पैसे द्या," हे तोच आमच्या उंबऱ्यात बसून बोलला होता.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. घर नव्या जोडप्याला जायचं असलं, की खाणीतले जुने सोबती मिळून ते रंगवून देतात. मजुरीचं नाव काढायचं नाही. देणाऱ्यानं फक्त किल्ली द्यायची, की शब्द पक्का झाला. दिरानं किल्ली दिली, मग कोण कशाला शंका घेतंय? आमच्या ह्यांच्या छातीत खाणीची धूळ बसलेली, जरा चढ लागला की दम लागतो. तरी भिंती खरवडल्या, चुना मारला, बाहेरची पायरी घासून घासून पांढरी केली. पाळणा कुठं टांगायचा ते लेकीनं ठरवून टाकलं. दीर मधूनमधून यायचा, "दादा, खिडकीवरून पण एक हात फिरव ना," म्हणायचा आणि फोटो काढायचा. आम्हाला वाटलं, कौतुकानं काढतोय.

आज सकाळी जावयानं ते फोटो दाखवले. दलालाच्या जाहिरातीत होते. एकात आमचे हे कुंचला घेऊन पायरीवर बसलेले, खाली लिहिलेलं, 'अस्सल खाणकामगारांचा शेजार, नुकतंच रंगवलेलं घर.' किंमत वाचून जावयानं मोबाइल उलटा ठेवला. लेक भिंतीकडं तोंड करून पडली.

"अहो वहिनी, बाजारभाव आहे, मी काय करू?" दीर म्हणाला.

"आजारी भावाकडून फुकटात रंगवून घेतलंत, तोही बाजारभावच का?"

तेवढ्यात गाडी आली. दलाल उतरला, मागून गॉगल लावलेली बाई उतरली. आमचे हे त्याच पायरीवर बसले होते. त्यांना बघून बाई हरखली.

"अय्या, फोटोतले काका! किती छान! काका, आमचे पाहुणे आले की इथंच बसत जा हं. ती खाणीतली दिव्याची टोपी आहे का अजून?"

"आहे की," दीर पुढं होऊन म्हणाला. "घालेल तो. दादा, घालशील ना?"

सख्खा भाऊ, आणि असा विकतोय!

ह्यांनी मान वर केली नाही. उबळ आली, चांगली लांबलचक. मग ह्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र पायरीवर काळाकुट्ट बेडका थुंकला.

बाई दोन पावलं मागं सरली. "ई! हे काय?"

"खाण," हे म्हणाले. "अस्सल."

बाई गाडीत जाऊन बसली. "दादा, सौदा घालवलास!" दीर ओरडला. दलाल निर्लज्जासारखा हसला, म्हणाला, "जाऊ द्या हो, उद्या दुसरं गिऱ्हाईक आणतो."

"आण," हे म्हणाले. "मी बसलोय इथंच."

एरवी पायरीवर थुंकले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता मी आत गेले, तांब्याभर पाणी आणलं आणि ह्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "घसा ओला करून घ्या."