दोरा बांधलेलं फूल

“साहेब, कसल्यातरी बिया पडलेल्या कुंडीत, आपोआप उगवलीत. गांजा आहे हे मला माहीतपण नव्हतं,” ऋतुराज तेच ते पुन्हा सांगत होता.

वर्तकनगरच्या त्या लहानशा घरात फौजदार, दोन शिपाई आणि ऋतुराजच्या खोलीतून बाहेर काढलेल्या कुंड्या मावत नव्हत्या. त्याची आई कलावतीबाई रडून रडून थकल्या होत्या. ‘परदेशी शोभेची झाडं आहेत, दार उघडू नका,’ असं पोराने सांगितलं होतं आणि वडिलांनी, पोपटरावांनी, ते मान्य केलं होतं. पोरगा आपल्या वळणावर गेला म्हणून ते उलट सुखावलेच होते.

पोपटरावांची सारी नोकरी कारखान्यात झाली, पण जीव गॅलरीतल्या जास्वंदीत. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचा, खूण म्हणून त्या फुलाला लाल दोरा बांधायचा आणि बीचं झाड कुणाच्या वळणाचं फुलतं त्याची वाट बघायची. हे सगळं ऋतुराज त्यांच्याकडूनच शिकला होता.

फौजदारांनी बुटक्या झाडाचा एक झुबका उचलला. “काका, हा लाल दोरा कशाला बांधलाय?”

पोपटरावांनी पाहिलं आणि ते पोलीस, कायदा सगळं विसरले. बुटक्या झाडाचं फूल घट्ट, शेजारचं नर झाड उंच नि विरळ. आणि पलीकडची रोपं उंच असूनही गच्च फुललेली!

“अहो, हे आपोआप नाही होत साहेब! मुद्दाम मेळ घातलाय. बघा ना, उंची बापाची घेतली, फुलाची बांधणी आईची. सोपं नाही हे!”

“बाबा!” ऋतुराज ओरडला.

घरचा भेदी लंका जाळतो म्हणतात. इथे तर भेदी खुद्द बापच होता, आणि लंका पेटल्यावर त्याला ती दिसली.

“नाही, म्हणजे... मी जास्वंदीचं म्हणत होतो,” पोपटरावांनी हात जोडले. “मीच शिकवलं त्याला साहेब. मला न्या.”

“काका, वाईट मलाही वाटतं. पण आता कानांनी ऐकलंय ना मी.”

फौजदारांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसले आणि पेन काढलं. “हा मेळ कसा घालतात? पहिल्यापासून सांगा. सावकाश, लिहून घ्यायचंय.”

आजवर जास्वंदीचा विषय निघाला की पाहुणे चहा संपवून उठायचे. पोपटरावांना असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि पोराकडे न बघता पाणी मागितलं.