आपोआप आलेले टोमॅटो

माणूस कुठल्या बाजूने चावतो हे मला त्याच्याकडे नुसतं बघून कळतं. यात कौतुकाचं काही नाही, माझा धंदाच तो आहे. गेली सोळा वर्षं मी कवळ्या बनवते. दवाखान्यातून माप येतं, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणाची हिरडी करते, दात बसवते, घासूनपुसून डबीत घालून परत पाठवते. तेव्हा एका रविवारी जेवताना नवरा डाव्या बाजूने चावतोय हे माझ्या लक्षात आलं, त्यात नवल नव्हतं. नवल याचं होतं की डावीकडची खालची दाढ त्याला नाहीच. चार वर्षांपूर्वी काढली. त्या खळग्यात घास गेला की तो कळवळतो, म्हणून बिचारा कायम उजवीकडे चावतो. त्या दिवशी मात्र तो दाढ जागेवर असल्यासारखा आरामात पाव चावत होता.

"दुखत नाही का रे?" मी विचारलं.

"काय दुखायचंय?" तो म्हणाला आणि टोमॅटोची अजून एक फोड उचलली.

या घरात आम्ही थंडी सरता सरता राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, लिफ्ट दुरुस्त करणारा माझा नवरा, गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले सासरे आणि आठ वर्षांची आमची ढमी. ढमी हे लाडाचं नाव. गाल बघितलेत तर तुम्हीही तेच ठेवाल. घर बेताचंच होतं, पण मागे बाग होती. लिंबाचं एक झाड, नळ, विटांनी आखलेले चार वाफे, आणि मधोमध सिमेंटचं टेबल. त्याच्याभोवती चार सिमेंटच्याच बैठका, जमिनीत पक्क्या रोवलेल्या. पाचवा पाहुणा आला तर त्याने उभ्यानेच जेवावं, असा आधीच्या मालकाचा कारभार असावा. आम्ही मोजून चौघं, त्यामुळे मला ते फार आवडलं. टेबलावरून सरळ समोर बघितलं की घराच्या कडेची बोळ दिसते आणि तिच्या टोकाला रस्त्यावरचं फाटक.

मी तीन वाफ्यांत पालेभाजी, मुळे आणि घेवडा लावला. चौथा, भिंतीकडचा, माझ्या हाती लागायच्या आधीच हिरवा झाला. त्यात टोमॅटोची सहा-सात रोपं आपोआप आली होती. आधीच्या लोकांनी खरकटं टाकलं असेल, त्यातलं बी रुजलं असेल, असं म्हणून मी त्यांना काठ्यांचा आधार दिला आणि विसरले.

टोमॅटो पिकले आणि आमच्या घराचे दिवस पालटले. खोटं कशाला सांगू, इतके चांगले दिवस मी लग्नानंतर बघितले नव्हते. रविवारी दुपारी टेबलावर कापड अंथरायचं, बटाटे उकडायचे, अंडी उकडायची, पाव गरम करायचा आणि झाडावरून तोडलेले टोमॅटो तिथल्या तिथे कापून वर मीठ-मिरपूड भुरभुरायची. एवढंच जेवण. पण नवरा सुट्टीच्या दिवशी पांघरुणातून बाहेर न येणारा माणूस, तो सकाळी उठून वाफ्यांना पाणी घालू लागला. ढमी हनुवटीवरून रस गाळत जेवायची आणि अनवाणी पायांनी ओल्या मातीत नाचायची. सासऱ्यांनी तर सासूबाई गेल्यापासून हसणंच सोडलं होतं. माझ्या प्रत्येक पदार्थाला ते परीक्षेसारखे गुण द्यायचे, तेही पासापुरते. ते आता दुसऱ्यांदा वाढून मागत होते.

मी तेवढी टोमॅटो खात नव्हते. मला मुतखड्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी टोमॅटो बंद केलाय. चौघांच्या त्या टेबलावर मी माझा भोपळा गिळत बसायचे. जळायचेही थोडी, पण सुखानेच.

मग ते दाढेचं झालं. त्यानंतर दोन दिवसांनी ढमीने लिंबाखालची एक वीट सरळ उचलली आणि तिच्या खालून गंजलेला डबा काढला. आत रंगीत खडूंचे तुकडे होते.

"हे कसं सापडलं गं तुला?"

"सापडलं कुठे? मीच ठेवले होते ना," ती म्हणाली आणि खडू घेऊन बोळीत रेघोट्या ओढायला गेली.

आणि सासरे शीळ घालू लागले. त्यांची कवळी मीच केली आहे. वरची सैल आहे, शिंक आली तरी हात लावावा लागतो. त्या कवळीने शीळ घालणं अशक्य आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. पण रोज दुपारी ते बागेत बसून एक लांबलचक, वळणावळणाची शीळ घालायचे आणि संपली की फाटकाकडे बघायचे.

ती शीळ ऐकून शेजारची शिवणवाली भिंतीपाशी आली. बाई साठीची, गळ्यात कायम टेप.

"मला वाटलं, ते लोक परत आले की काय," ती म्हणाली. "आधीचे म्हातारबाबा अशीच शीळ घालायचे. अगदी हीच."

"कोण राहायचं इथे?"

"तुमच्यासारखेच चौघं. आजोबा, मुलगा, सून आणि नात. बागेचा नाद सुनेचा. एका रविवारी टेबलावर सगळं मांडून झालं, टोमॅटो कापून झाले आणि पाव कमी पडला म्हणून ती बाई आणायला गेली. गेली ती गेलीच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, काही कळलं नाही." तिने आवाज खाली आणला. "पण त्या लोकांनी आशा सोडली नाही हो. रोज दुपारी तिचं ताट वाढायचे. थांबायचे. मग जेवायचे आणि तिच्या ताटातलं त्या भिंतीकडच्या वाफ्यात टाकायचे. तीन वर्षं! पुढे आजोबा गेले, मग तो माणूस पोरीला घेऊन कुठेतरी निघून गेला."

मी त्या वाफ्याकडे बघितलं. टोमॅटो इतके लाल होते की बघवेना. तीन वर्षं त्या मातीत पोसलं गेलं होतं ते फक्त वाट बघणं, आणि माझी माणसं ते रोज मीठ लावून खात होती.

पुढच्या रविवारी मी पावाची टोपली घेऊन बागेत आले आणि माझ्या बैठकीवर बसणार, तोच नवऱ्याने हात आडवा धरला.

"तिथे नको," तो अगदी सौजन्याने म्हणाला. "तिथे ती बसते. तुम्ही असं करा, आतून खुर्ची आणा."

तुम्ही! मला बघायला आला त्या दिवशीसुद्धा ज्याने अहोजाहो केलं नव्हतं, तो माणूस! मी म्हटलं, "थट्टा पुरे हं." त्याने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी मान खाली घातली, जसं एखाद्या दुःखी बाईसमोर घालतात तशी. आणि ढमी माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "काकू, तुमच्या घरचे लोक तुमची वाट बघत असतील ना?"

मी त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मग डोळे पुसले आणि चिडले. चिडले की मला काम सुचतं. तिघं आत टीव्हीसमोर बसलेले असताना मी भिंतीकडचा वाफा मुळासकट उपटला. रोपं पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले. नखांत माती, हातांना तो कडवट हिरवा वास. मला वाटलं, सुटलो.

परत येऊन बघते तर सासरे रिकाम्या वाफ्यात उकिडवे बसून खाली पडलेले कच्चे टोमॅटो वेचत होते. एकेक पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत ठेवत होते. कच्चे टोमॅटो असेच पिकवतात.

"टाकून द्या हो ते," मी म्हटलं.

"ती आल्यावर लागतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तिघांनी जेवण सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही. दुपार झाली की टेबलावर कापड अंथरायचे, चार ताटं मांडायचे आणि फाटकाकडे तोंड करून बसायचे. मी पुढ्यात ठेवलेलं गार व्हायचं. नवरा कामावर जाईना, ढमी शाळेत जाईना. मी तिच्या आवडीची गोड खीर केली, चमचा तोंडाशी नेला. तिने दोन्ही हातांनी तो हळूच बाजूला केला.

"नको काकू. आम्ही आई आल्यावर जेवतो."

तिसऱ्या दिवशी घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी तिची जीभ बघितली, पोट दाबलं, टॉनिक लिहून दिलं. तेही तिने घेतलं नाही. चौथ्या दिवशी मी तिला उचलून माझ्या भावाकडे न्यायला निघाले. फाटकाबाहेर पाऊल टाकताच ती अशी काही किंचाळली, की समोरचा चपलांचा दुकानदार धावत आला आणि मला विचारायला लागला, पोर कुणाची आहे म्हणून. माझी आहे, असं मी ओरडून सांगत होते आणि ती माझ्या खांद्यावर मुठी मारून म्हणत होती, "सोडा मला, आई आली आणि मी नसले तर?" मी तिला खाली ठेवलं. ती धावत बागेत गेली.

पाचव्या दिवशी तिच्या गालांची हाडं दिसली. ढमीच्या गालांची! मी पुष्कळ वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या पाठीकडे बघत उभी होते. वेणी सैल झाली होती, मला घालू देत नव्हती. मग मी चपला घातल्या, केसांवरून हात फिरवला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. मला त्या घटकेला कशाचीच लाज वाटत नव्हती. पोर जेवली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

कोपऱ्यावर पाव घेतला. परत आले. घरातून नाही गेले, फाटकाची कडी काढून बोळीतून गेले. बोळ वीस पावलांची असेल. टोकाला ते तिघं दिसत होते आणि तिघंही माझ्याकडे बघत होते. दहा पावलांवर सासऱ्यांची शीळ थांबली. पंधराव्या पावलाला नवरा उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तसा आनंद मी माझ्यासाठी आजवर बघितला नव्हता. तो माझ्यासाठी नव्हताच.

"किती गं उशीर केलास!" तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला.

"गर्दी होती," मी म्हटलं.

ढमी येऊन माझ्या कमरेला बिलगली. "आई," ती म्हणाली. पाच दिवसांनी ती मला तसं म्हणाली. तिने मला हाताला धरून त्या बैठकीवर बसवलं. नवऱ्याने टोपलीतल्या वर्तमानपत्राच्या पुड्या सोडल्या. टोमॅटो लालबुंद पिकले होते. त्याने ते कापले, मीठ-मिरपूड घातली आणि पहिली फोड माझ्या ताटात ठेवली. कुणीच पावाला हात लावला नाही. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मला मुतखडा आहे," असं मी म्हणणार होते. पण ढमीच्या ओठांवर कोरडी सालं निघाली होती. मी फोड उचलली आणि खाल्ली.

चव साधीच होती. उन्हाची कोमट, थोडी आंबट, मागून गोड. पण गिळताना खूप दिवसांनी कुणी आपलं माणूस दिसावं तसं वाटलं. मी त्या तिघांकडे बघितलं आणि मनात आलं, किती वर्षांनी बघतेय मी यांना. मग सगळे जेवायला लागले. ढमीने दोन अंडी खाल्ली, बटाट्याला लोणी फासून घेतलं, हनुवटीवरून रस ओघळला. सासरे म्हणाले, "आज दहापैकी दहा." नवरा डावीकडे चावत हसला. ऊन लिंबाच्या पानांतून टेबलावर सांडलं होतं. मी अजून एक फोड घेतली, मग अजून एक.

"आई," ढमीने भरल्या तोंडाने विचारलं, "त्या काकू कुठे गेल्या गं?"

"कुठल्या काकू?" मी म्हटलं.

मी सोंग करत नव्हते. मला खरंच आठवेना.

"त्या नाही का, ज्या आपल्याकडे राहायच्या. भोपळा खायच्या. मला खीर करून दिली होती. काल रस्त्यावर खूप रडल्या." तिने ताटातली एक फोड कडेला सारली. "त्यांच्यासाठी ठेवू या का ही? त्या येतील का?"

घास गिळेपर्यंतचा वेळ गेला आणि मग मला आठवलं. त्या बाईचे हात आठवले, ढमीची वेणी घालणारे. एवढ्या लांबून आठवलं, की ती कुणी दूरची नातलग वाटली. फाटकाकडे बघायची ओढ मी महत्प्रयासाने आवरली. वाट बघणं पुन्हा या ताटात वाढायचं नव्हतं मला.

"नाही बाळा," मी म्हटलं, "त्या आता येणार नाहीत. खाऊन टाक तू."

"बरं," ढमी म्हणाली, आणि तिने ती फोड खाऊन टाकली.