धुऱ्यावरचा आपटा

दसऱ्याला दोन दिवस उरले होते. वर्षाली आणि तिची आई सपना तुरीत निंदत होत्या, तेवढ्यात अण्णाजी कुऱ्हाड घेऊन दोन शेतांमधल्या धुऱ्यावर आले. धुऱ्याच्या अलीकडे यांचं शेत, पलीकडे त्यांचं आणि बरोबर मधोमध आपट्याचं झाड.

अण्णाजी सपनाचे थोरले दीर. वाटणीपासून दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. त्यात सपना दिरांशी समोरासमोर बोलत नसे. रीतच तशी होती. भांडायचं झालं तरी मध्ये वर्षाली लागायची.

"वर्षे, त्याइले विचार, झाड काऊन तोडून राह्यले?"

"सांग तुह्या मायले, सावलीनं माही कपाशी मरते. सोन्याले माह्या अंगणात आपटा हाये. याच्याहून मोठ्या पानाचा!"

"मोठेबाबा, तो कांचन हाये," वर्षाली म्हणाली. आठवीच्या प्रकल्पासाठी तिने दोन्ही पानं वहीत चिकटवली होती. "कूळ एकच, शेंगावाल्या झाडांचं. पण जात वेगळी. कांचनले आता मोठी जांभळी फुलं हायेत. आपट्याले उन्हाळ्यात येतात, बारकी, पांढरट. आपटा मुरमाड रानातला. कांचन लोक अंगणात लावतात."

"मास्तरीण झाली! मंग हा आपटा लय दुर्मिळ असंल?"

हो म्हटलं असतं, तर कदाचित झाड वाचलं असतं. पण वर्षालीला खोटं बोलवेना.

"नाई. कोणतं झाड नष्ट होऊन राह्यलं याची यादी असते, तिच्यात दोघाइलेही धोका नाई, असं हाये."

"झालं तं मंग!"

"यादी साऱ्या जगाची हाये! आपल्या शिवारात हा एकच उरला. बाकीचे लोकाइनं सोन्यासाठी ओरबाडून मारले."

"त्याइले म्हण," सपनाचा आवाज चढला, "अर्धं झाड आमचं हाये. हात लावून पाहा!"

"अर्धं तुमचं ना? मंग माह्या बाजूचं तोडतो."

आणि त्यांनी तेच केलं. फांदीमागून फांदी खाली आली. एका अंगाने झाड पार बोडकं झालं.

वर्षाली धुरा ओलांडून गेली आणि पडलेल्या फांद्यांवरच्या वाळक्या शेंगा ओढणीत भरू लागली.

"ठेव त्या. माह्या बाजूच्या हायेत."

तिने ऐकलं नाही.

"सांग तुह्या मायले, हे बी धुऱ्यावर पेरलं तं उपटून फेकीन."

"त्याइले सांग, आम्ही आमच्या वावरात पेरू!" आई पलीकडून ओरडली.

वर्षालीने कोणालाच काही सांगितलं नाही. ती शेंगा तोडत राहिली.